पाठमोरा दगड

मी एका बागेच्या भिंतीतला कोनाडा बोलतोय. तोंड उघडं आहे तोवर बोलून घेतोय, कारण खालून विटा चढायला लागल्या आहेत. गवंडीदादा नळावर हात धुवायला गेलेत. जेवून परत आले की ते पुढचा थर लावतील, मग त्याच्यावरचा, आणि संध्याकाळपर्यंत मी नुसती भिंत झालेलो असेन. तेव्हा जरा घाईने सांगतो. पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

कोनाडा म्हटलं की किल्ल्या, कंगवा, औषधाची बाटली ठेवायची जागा तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. मी तसला नाही. माझ्यात माणूस मावतं. लहानसं माणूस, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. मोठ्यांनी माझ्यात शिरायच्या भानगडीत पडू नये, त्याचं कारण पुढे येईलच.

मी ज्या बागेत आहे ती एका शाळेच्या मागे आहे. शाळा स्वमग्न मुलांची. या मुलांना जग जरा जास्तच मोठ्याने ऐकू येतं आणि जास्तच लखलखीत दिसतं. शेजारच्या घरात मिक्सर लागला तर तुम्ही मान वर करून बघतही नाही, इथल्या एखाद्या मुलाचा मात्र अख्खा दिवस त्याने नासतो. असं बरंच साचलं की मूल किंचाळतं, जमिनीवर अंग टाकतं, नाहीतर वाट फुटेल तिकडे धावत सुटतं. बघणारे म्हणतात, काय हट्टी पोर आहे, आणि आईबापांकडे बघून नाकं मुरडतात. आईबाप तरी किती जणांना समजावणार? ते बिचारे मान खाली घालून पोराला उचलतात आणि घरी जातात.

माझा जन्म गुडघेबाईंच्या डोक्यात झाला. हे त्यांचं खरं नाव नव्हे, गवंडीदादांनी ठेवलेलं. बागा आखून देणं हे त्यांचं काम, पण इथे आल्यावर कितीतरी दिवस त्यांनी कागदावर एक रेघ ओढली नाही. गुडघ्यांवर रांगत सगळी जागा पालथी घातली. मुलाच्या उंचीवरून काय दिसतं, काय चमकतं, कशाचा वास नाकात जातो, ते बघत राहिल्या. शाळेतले लोक म्हणाले, "झोपाळे कुठे लावायचे ते सांगा." त्या म्हणाल्या, "मुलं पळून कुठे जातात, ते आधी तुम्ही मला सांगा."

मुलं कपाट आणि भिंत यांच्या सांदीत जायची. टेबलाखाली जायची, दारामागे जायची. एक तर जिन्याखाली चपलांच्या ढिगात जाऊन बसायचं. गुडघेबाईंनी त्या सगळ्या सांदी मापल्या, आणि मापून झाल्या की स्वतः तिथे पडून राहिल्या. अंधार किती आहे, बाहेरचं काय दिसतं, पाठीला गार लागतं की नाही, सगळं बघितलं. शाळेच्या शिपायाने त्यांना एकदा कपाटामागून पाय धरून बाहेर काढलं होतं.

मग बाग झाली. फाटकातून आत आलं की आधी एक वळण आणि एक बाक, म्हणजे आत जायच्या आधी मुलाला सगळी बाग लांबून बघून घेता येते. पायवाट फिरून फिरून जिथून निघाली तिथेच येते, कुठेही अडत नाही. झोपाळे पार कोपऱ्यात. पाणी आहे पण ते दगडावरून झिरपतं, उडत नाही. फुलं उग्र वासाची नाहीत, आणि तोंडात घातली तरी अपाय होणार नाही अशी. फाटकाची कडी उंचावर, मोठ्या माणसाचाच हात पोचेल इतकी. आणि दंगा संपून शांत भाग जिथे सुरू होतो, त्या भिंतीत मी.

"बाई, भिंत बांध म्हणून आजवर सगळ्यांनी सांगितलं," गवंडीदादा म्हणाले होते. "भोक बांध म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"भोक नाही हो दादा, जागा आहे ती."

"बसून बघू का?"

"तुम्ही नका बसू," गुडघेबाई म्हणाल्या, पण तोवर ते बसले होते. बसले आणि अडकले. दोन मजुरांनी हात धरून ओढलं तेव्हा सुटले. ओला गिलावा सगळा पाठीला लागला. तो त्यांनी हसत हसत पुन्हा केला, आणि या वेळी माझ्या कडा हाताने गोल केल्या, लोण्यासारख्या गुळगुळीत. त्या हातांची ऊब मला अजून आठवते. आज तेच हात माझ्यात विटा लावतायत.

माझ्यापुढे थोड्या अंतरावर गुडघेबाईंनी एक दगड बसवून घेतला. सपाट, रुंद, एका माणसाला बसता येईल असा. त्याचं तोंड माझ्याकडे नाही, बागेकडे. मूल माझ्यात शिरलं की मोठ्या माणसाने त्या दगडावर येऊन बसायचं, माझ्याकडे पाठ करून. हाक मारायची नाही, डोकावायचं नाही, हात लावायचा नाही. मान जराशी वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाचे पाय दिसतात. सगळ्या बागेत तेवढी एकच जागा आहे जिथून ते दिसतात. बाकी कुठूनही बघा, मी रिकामाच वाटतो. गुडघेबाईंनी ते मुद्दाम तसं केलं होतं. त्यासाठी दगड चार वेळा इकडचा तिकडे करायला लावला, तेव्हा मजुरांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती.

आता भिंगरीचं सांगतो. माझा जीव टांगणीला लागलाय तो तिच्यासाठीच.

भिंगरी आली तेव्हा सहाएक वर्षांची असेल. स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. बोलत नाही. अजूनही नाही. आणि पळायची. घरातून पळायची, दुकानातून पळायची, आईच्या हाताला हिसडा देऊन पळायची. एकदा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकखाली जाऊन बसली होती, मागच्या चाकांच्या मध्ये. तिला तिथे काळोख मिळाला, गारवा मिळाला. ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि त्याने गाडी सुरू केली. कुणीतरी ओरडलं म्हणून वाचली. हे तिची आई ज्याला त्याला सांगते.

भिंगरी पहिल्यांदा माझ्यात शिरली त्या दिवशी तिची आई मागोमाग धावत आली आणि माझ्या तोंडाशी वाकली. "बाळा, ये ना बाहेर. काय झालं? बघ ना माझ्याकडे." भिंगरी मागे मागे सरकली, माझ्या पाठीत रुतायला लागली. गुडघेबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी आईला दंडाला धरून दगडाशी नेलं.

"इथे बसा. तिच्याकडे पाठ करून."

"माझ्या लेकीकडे पाठ करू? ती रडतेय हो. तिला काय वाटेल?"

"तिला वाटेल, माझ्याकडे कुणी बघत नाहीये. आणि तरी कुणीतरी आहे."

आई बसली. पाठ करून बसली, पण ती पाठ नुसती ताठ. दोन्ही हातांनी दगडाची कड घट्ट धरलेली. बराच वेळ गेला. मग माझ्यात एक बारीक गुणगुण सुरू झाली, एकाच सुरातली, पंखा दुसऱ्या खोलीत चालू असावा तशी. भिंगरीला बरं वाटलं की ती अशी गुणगुणते, हे तोवर तिच्या आईलाही माहीत नव्हतं. कारण बरं वाटेपर्यंत तिला कुणी एकटं सोडलंच नव्हतं. त्या दिवशी आई दगडावर बसून रडली, आवाज न करता, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढे हे रोजचंच झालं. भिंगरी यायची, बसायची, गुणगुणायची, उठून जायची. रस्त्याकडे पळणं थांबलं. आणि एक दिवस माझ्यातून बाहेर आली, दगडापाशी गेली, आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसली. त्या पोरीने आपण होऊन कुणाला अंग लावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आई हलली नाही. माशी नाकावर बसली होती तीही तिने हाकलली नाही. मला तेव्हा वाटलं, चला, आपल्या जन्माचं सार्थक झालं. फार लवकर वाटलं ते.

गुडघेबाई दुसऱ्या कामावर दुसरीकडे गेल्या. जुन्या मदतनीस एकेक करत सोडून गेल्या. दगडाचं काय करायचं ते एकीने दुसरीला तोंडी सांगितलं होतं, दुसरीने तिसरीला अर्धं सांगितलं, आणि तिसरीपाशी ते संपलं. नव्या मोठ्या बाई आल्या. तुम्हाला वाटेल, आता मी त्यांना शिव्या घालणार. नाही घालणार. कुठलं मूल काय खात नाही, कुणाला कुठला रंग बघवत नाही, हे त्यांना तोंडपाठ. शाळेसाठी दारोदार फिरून त्या रंगीत घसरगुंडी आणि नवे झोपाळे घेऊन आल्या. देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची ठरली. तिला खाली काहीतरी भक्कम हवं होतं.

बाई बागेत हिंडल्या आणि त्यांना माझ्यासमोरचा दगड दिसला. सपाट, देखणा, आणि नुसताच पडलेला. "हा किती छान आहे," त्या म्हणाल्या. "फाटकाशी नेऊन ठेवा." मजुरांनी पहार लावली. मी आतल्या आत ओरडत होतो, पण कोनाड्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? दगड फाटकाजवळ गेला, त्याच्यावर पाटी उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी चार मुलं कानावर हात ठेवून खाली बसली.

भिंगरीच्या आईने दुपारी ते पाहिलं. नव्या मदतनीस बाईंना म्हणाली, "तो दगड इथेच लागतो हो. बसायला."

"बसायला खुर्ची आणून देऊ का ताई?"

"खुर्ची नको. त्याच जागेवर काहीतरी लागतं. तिथून तिचे पाय दिसतात."

"बरं, सांगते मोठ्या बाईंना," मदतनीस बाई म्हणाल्या. हसून म्हणाल्या आणि विसरल्या. त्यांच्या हाताशी तेव्हा दोन मुलं रडत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घसरगुंडी बसवायला माणसं आली. ड्रिल सुरू झालं. टेम्पो आत घ्यायचा म्हणून फाटक सताड उघडं. भिंगरी धावत आली आणि माझ्यात शिरली. अगदी शहाण्यासारखी, जशी यायची तशी. मदतनीस बाईंनी मुलं मोजली तर एक कमी. त्यांनी पायवाटेवरून माझ्याकडे बघितलं. तिथून मी रिकामा दिसतो, सांगितलं ना तुम्हाला. मग उघडं फाटक दिसलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळी शाळा तिच्या नावाने हाका मारत सुटली. प्रत्येक हाकेला ती माझ्यात आणखी मागे सरकत होती. कान दाबून, डोळे मिटून, दातांत बाही धरून. अखेर कुणीतरी वाकून बघितलं आणि किंचाळलं, "इथे आहे, इथे आहे." झालं. पाच डोकी एकदम माझ्या तोंडात घुसली. उजेड गेला, वारा गेला. एका हाताने तिचं मनगट पकडलं. तिने हिसडा दिला, कपाळ माझ्या कडेवर आपटलं, आणि मग ती आपटतच राहिली. गवंडीदादांनी लोण्यासारखी केलेली कड, पण शेवटी चुना आणि वीटच ती. रक्त आलं. तो डाग अजून माझ्या डाव्या बाजूला आहे, धुऊनही गेला नाही. मी काय करणार होतो? मला मागे सरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आणि भिंगरीची आई माझ्यासमोर उभ्या राहून बोलल्या.

"दगड परत ठेवा बाई. बाकी मी काही मागत नाही."

"दगडाने काय होणार आहे ताई? मूल समोर दिसलं पाहिजे. माझ्या शाळेतलं एकही मूल नजरेआड होता कामा नये."

"नजरेत धरलं की ती पळते. आणि पळाली की कुठे जाते ते मी बघितलंय."

"मी काल रस्त्यावर एकेका गाडीखाली वाकून बघत होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला ते पुन्हा नाही जमणार. आणि तिचं कपाळ? चार टाके पडलेत. तुम्हीच सांगा, मी हे भोक उघडं कसं ठेवू?"

भिंगरीची आई माझ्या डागाकडे बघत राहिली. त्याच दिवशी माझ्या तोंडावर फळी ठोकली.

आता ऐका, म्हणजे मी एवढा जिवावर बेतल्यासारखा का बोलतोय ते कळेल. परवा भिंगरी धावत आली. तिने फळीवर दोन्ही तळहात मारले. पुन्हा मारले. नखांनी फट शोधली. मी आत होतो, रिकामा, तिच्या मापाचा, आणि मध्ये बोटभर जाडीची फळी. मग ती वळली आणि फाटकाकडे सुटली. कडी उंचावर आहे, पोचणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. पण कडीखाली आता दगड आहे. आमचा दगड. ती त्याच्यावर चढली, पाटीला धरून उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि कडी काढली. शिपायाने रस्त्याच्या कडेला तिच्या फ्रॉकचं टोक पकडलं. बस आली तशीच निघून गेली.

तिला धरून ठेवणारा दगड तिची पायरी झाला, आणि हे एकालाही दिसलं नाही. फाटकाला कुलूप आलं. दगड तिथेच. आणि मोठ्या बाईंचं म्हणणं, कोनाडा असेपर्यंत पोरगी बिथरणार, तेव्हा फळी काढा आणि तो कायमचा बुजवून टाका. कुलूप काय, रोज कितीदा उघडतं. मुलं येतात, जातात, भाजी येते, टपाल येतं. तेवढ्यात एखाद्या दिवशी ती निसटेल. ट्रक कुठेतरी उभा असेलच. तिची आई परवापासून फाटकाबाहेर बसून असते, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत. आज तिला शिपायाने आत बाकावर बसू दिलंय.

सकाळी गवंडीदादा आले तेव्हा त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. "भोक बांधलं तेव्हा हसलो होतो," ते स्वतःशीच म्हणाले, "आता बुजवताना हात चालत नाही." पण चालला. पोट आहे त्यांनाही. विटा आता मुलाच्या गुडघ्याइतक्या आल्यात, आणि सांध्यांमधला माल ओला आहे.

थांबा. पावलं वाजतायत. ही पावलं मी ओळखतो.

भिंगरी आली. जेवणाच्या सुट्टीत घसरगुंडीवर सगळा कल्लोळ आहे, त्यातून आली. विटांपाशी थबकली. ओल्या मालावर हात टेकला, पाय टाकला, वरची वीट सरकली, आणि ती माझ्यात उतरली. कोपर खरचटलं, फ्रॉक सिमेंटने माखला. गुडघे पोटाशी घेतले. थरथरतेय. पाठ माझ्या पाठीला लागली आहे, आणि मी जितका गार होता येईल तितका होतोय.

तिची आई आली. धावत नाही आली, चालत आली. माझ्यासमोर उरलेल्या विटांची थप्पी आहे, दगड होता जवळपास तिथेच. त्या थप्पीवर बसली, पाठमोरी.

गवंडीदादा तोंड पुसत परत आले. "ताई, उठता का? विटा लागतील."

"आत आहे ती," आई मान न वळवता म्हणाली. "तुम्हीही बसा दादा. तिकडे तोंड करून."

त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग थापी खाली ठेवली आणि जमिनीवर बसले, पाठ करून. घमेल्यातला माल सुकत चाललाय. बसलेत.

आणि त्या बघा मोठ्या बाई. झपझप येतायत. पुन्हा एक मूल कमी भरलंय, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. दोन पाठी बघून थांबल्या.

"काय चाललंय इथे? भिंगरी कुठाय?"

"आहे," आई हळू आवाजात म्हणाली. "आज पाय दिसत नाहीत, विटांनी झाकलेत. पण इथे बसलात तर श्वास ऐकू येईल. गुणगुण सुरू झाली की समजा, जिंकलो. बसा ना बाई. एवढं एकदाच."

बाई बसल्या नाहीत. अजून उभ्याच आहेत. एक हात छातीशी, आणि तोंड हाक मारायला उघडलंय.

बाई, मला हात असता तर तुमचा हात धरून खाली बसवलं असतं. मला आयुष्यभर नुसतं उघडं राहता आलं, दुसरं काही आलं नाही. मला बुजवायचं तर बुजवा, उद्या बुजवा. पण आत्ता हाक मारू नका. ती अजून गुणगुणत नाहीये. तुमच्या पायाशी थप्पीवर एका माणसापुरती जागा आहे. खाली बसा, आणि पाठ आमच्याकडे करा.